झंझावाताचं तोंड

हौसाने नवऱ्याला, सासूला, शेजारच्या यशोदाबाईंना आणि टेलिफोन एक्स्चेंजमधल्या झाडून सगळ्या ऑपरेटर बायकांना एकच सांगून ठेवलं होतं, की ही कॉमिकं आपण चिंगीसाठी जमवतोय. चिंगी तेव्हा रांगत होती. तिला खालचे दोन दात आले होते आणि त्या दोन दातांनी तिने 'झंझावात'च्या सातव्या अंकाचा कोपरा खाऊन आपली वाचनाची गोडी सिद्धही केली होती. त्यामुळे हौसाचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं कुणाला म्हणता आलं नसतं.

'झंझावात' म्हणजे कोण हे ज्यांना ठाऊक नाही त्यांची कीव करावी तेवढी थोडी. काळा बुरखा, पाठीवर निळं वस्त्र, वारा सुटला की यायचं आणि वारा पडायच्या आत चोरांना झाडाला बांधून जायचं. हौसाची सासू नागुबाई त्याला 'पाठीला पंचा बांधून उडणारा' म्हणायची. पण सासवांचं सोडा. कंग्राळीच्या शाळेत असताना हौसाने हे अंक इकडून तिकडून मागून वाचले होते. एकोणचाळिसाव्या अंकाच्या शेवटच्या चित्रात झंझावाताने दोन्ही हात बुरख्याला लावले होते, समोर दरोडेखोरांचा सरदार थरथरत होता, आणि खाली लिहिलं होतं, 'आता पाहाच मी कोण! पुढील अंकी.'

पुढचा अंक निघाला, तो शेवटचा. मग छापखानाच बंद पडला. आणि तो शेवटचा अंक हौसाला काही मिळाला नाही.

यानंतर हौसा मॅट्रिक झाली, बेळगावच्या एक्स्चेंजमध्ये लागली, लग्न करून शहापुरात आली, चिंगीची आई झाली. सगळं रीतसर झालं. पण बाळंतपणाच्या कळा सोसताना, सुईण 'देवाचं नाव घे' म्हणत असताना, तिच्या मनात येऊन गेलंच, की आता आपलं काही बरंवाईट झालं तर बुरख्याआड कोण होतं ते न कळताच जायचं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. अशा गोष्टी सांगायच्या नसतात. चिंगीला दूध पाजताना तिच्या कानात तेवढं सांगितलं, आणि चिंगीने ते कुणाला सांगितलं नाही.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. तोवर हौसाकडे पाच-सहा फुटकळ अंक जमले होते. एके दिवशी ड्यूटीवरून घरी आली तर परसात नागुबाई घमेलं पुढ्यात घेऊन बसलेली. घमेल्यात पाणी, पाण्यात मेथ्या, आणि मेथ्यांबरोबर डुंबत असलेला झंझावात.

"आत्या! हे काय केलासा?"

"काय म्हंजे? सूप लिंपायचं हाय. मेथ्या घालून कागुद कुटला की कसा लोण्यावानी लगदा हुतोय बघ. तुझा हा कागुद लई ग्वाड हाय गं. पेपरचा कागुद असला भिजत न्हाई."

बुरूडवाड्यातून आणलेल्या टोपल्या-सुपांच्या भोकांतून पीठ गळू नये म्हणून त्यांना कागदाच्या लगद्याचं अस्तर द्यायचं, ही घरोघरची रीत. नागुबाईचा हात या कामात असा, की गल्लीतल्या बायका आपली सुपं तिच्याकडं पाठवायच्या. तेव्हा 'कागुद ग्वाड हाय' ही तिच्या तोंडून आलेली भलतीच मोठी पावती होती. पण ती झंझावाताने स्वीकारण्याच्या परिस्थितीत नव्हती. हौसाने त्याला पाण्यातून काढलं, पान पान सोडवलं आणि अंगणातल्या दोरीवर चिंगीच्या लंगोटांच्या रांगेत वाळत घातलं.

शहापुरात दोरीवर काय वाळतंय यावरून घरात काय चाललंय ते कळतं. समोरच्या मागावर खटाक-खट चालू होतं, ते थांबलं. विणकराने मान लांब करून बघितलं. आणि यशोदाबाई आल्याच.

"अगं हौसा, पोरीच्या लंगोटाशेजारी हे भूत कसलं?"

"पुस्तक हाय, काकू. चिंगीचं."

"पोरगी अजून धड उभी ऱ्हाईना आन् तिला पुस्तक? त्ये बी बुरखेवाल्याचं? नजर तिरळी व्हती असल्यानं. आमच्या नणंदंच्या पोराची झालती."

"पुस्तकानं?"

"न्हाई, तो पडलता. पण पुस्तक बी हुतं हातात."

यशोदाबाईंचा सल्ला असाच असे. त्यात तथ्य शोधायला गेलं तर सापडायचं नाही, पण सोडूनही देता यायचा नाही. त्यांनी जाताजाता आणखी सांगितलं, की लेकुरवाळीला एखाद्या गोष्टीचा असा नाद लागणं बरं नव्हे, सौंदत्तीच्या देवीला एक नारळ ठेवावा. हौसा दिवसभर बड्या बड्या व्यापाऱ्यांना 'लाईनवर थांबा' म्हणून दरडावणारी बाई. तिने मान खाली घालून 'व्हय' म्हटलं आणि दोरीवरच्या झंझावाताची बाजू पालटली.

दुसऱ्या दिवशी तिने सरकारी यंत्रणा कामाला लावली. बेळगावहून निपाणीला किंवा निपाणीवरून मुंबईला ट्रंककॉल जोडायचा तर निपाणी एक्स्चेंजच्या आण्णाप्पाशी बोलावं लागे. या आण्णाप्पाला तिने कधी पाहिलं नव्हतं. पण त्याच्या मुलाचा गोवर, त्याच्या बायकोचं माहेर आणि त्याच्या सुपरवायझरची दाढदुखी तिला तोंडपाठ होती.

"हॅलो निपाणी. आण्णाप्पाण्णा, मुंबई नंतर द्या. एक इचारायचं हाय. तुमच्याकडं कुणाकडं झंझावाताची जुनी कॉमिकं हाईत काय?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आणि दार लोटल्याचा आवाज आला.

"कशाला?" आण्णाप्पाने हळूच विचारलं.

"पोरीसाठी."

"मी बी पोरासाठीच वाचत हुतो," आण्णाप्पा म्हणाला, आणि दोघांचं एकमेकांना कळलं.

मग मुंबईच्या कॉलसाठी एक तंबाखूचा व्यापारी 'हॅलो हॅलो' करत ताटकळला असताना आण्णाप्पाने सांगितलं, की इथल्या एका तंबाखूच्या वखारीतले म्हातारे दिवाणजी वारले. त्यांना असल्या पुस्तकांचा नाद. माळ्यावर पोतंभर पडलीत. मालक माळा रिकामा करतोय, मागितलं तर फुकट देईल. हौसाने 'थँक्यू' म्हटलं आणि व्यापाऱ्याला चुकून मुंबईऐवजी दावणगिरी जोडून दिली.

रविवारी हौसा, कडेवर चिंगी आणि मागे नवरा रवळू असा लवाजमा निपाणीला गेला. रवळू भूमापन कचेरीत कारकून. कागदातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, ही त्याची श्रद्धा. बाकी माणूस गरीब. वखारीत शिरल्याबरोबर तंबाखूच्या खकाण्याने तिघंही शिंकू लागली. चिंगीला आपली शिंक इतकी आवडली, की ती प्रत्येक शिंकेनंतर स्वतःच टाळ्या वाजवी. वखारीचा राखणदार भरमू तिथंच जन्मल्यासारखा निवांत उभा होता. त्याने माळ्यावरून पोतं ढकललं. पोत्याबरोबर धुरळा आला आणि धुरळ्यातून झंझावात. पहिला, दुसरा, तिसरा, एकामागून एक, सगळे. हौसा तिथंच तंबाखूच्या गच्च भरलेल्या बोदावर बसून अंक लावू लागली. एकोणचाळिसावा सापडला.

"आणि फुडचा?"

"येवढंच हाय बगा," भरमू म्हणाला.

पोतं उलटं केलं, झटकलं. रवळू माळ्यावर चढून उतरला, तेव्हा त्याचा पांढरा शर्ट विड्यांच्या रंगाचा झाला होता. शेवटचा अंक नाही तो नाहीच. हौसाच्या डोळ्यांना पाणी आलं. ते तंबाखूने आलं असं तिने जाहीर केलं.

परतीच्या वाटेवर निपाणीबाहेरच्या नाक्यावर एस.टी. थांबली. त्या काळी तंबाखू बिनपरवान्याचा हलवायची सोय नव्हती. पोत्यात काय, गाठोड्यात काय, सगळं तपासायचे. नाक्यावरचा शिपाई गाडीत चढला, दोन पावलं पुढे आला आणि जागच्या जागी थबकला. त्याने डोळे मिटले, नाक वर केलं आणि कुणी हाताला धरून नेल्यासारखा थेट हौसाच्या पोत्यापाशी आला.

"परवाना?"

"पुस्तकं हाईत," हौसा म्हणाली.

"वास तर जर्दाचा येतोय."

"वास जर्दाचा हाय, पण माल पुस्तकाचा हाय," रवळू उठून म्हणाला. "मी स्वतः सरकारी नोकर हाय. वासाला परवाना लागतो असं कुठल्या कलमात हाय, दावा."

आता, शांतपणे 'बघा की साहेब' म्हटलं असतं तर पाच मिनिटांत गाडी सुटली असती. पण एका सरकारी नोकराने दुसऱ्याला कलम विचारलं, की पुढे व्हायचं ते होतंच. पोतं खाली उतरवलं गेलं. पोत्यामागून हौसा उतरली, हौसाबरोबर चिंगी, आणि मग 'काय झालं, काय झालं' करत सगळी गाडी उतरली. शिपायाने पोतं रस्त्यावर ओतलं. शहापुरातली एक प्रतिष्ठित, नोकरदार बाई, तिची सगळी अब्रू निळ्या-काळ्या चित्रांच्या रूपाने हमरस्त्यावर पसरली आणि खानापूरकडचा एक शेतकरी त्यातली दोन उचलून खुशाल वाचायला लागला.

नाक्याचे साहेब बाहेर आले. जाडे, घामेजलेले, मूळचे धारवाडकडचे. त्यांनी एक अंक नाकाशी नेला. तंबाखू. दुसरा नेला. तंबाखू. उघडला. बुरखेवाला माणूस.

"येनु हे?" ते म्हणाले. काय हे?

पुस्तकांना तंबाखूचा वास येत असेल तर तो माल तंबाखू धरायचा की पुस्तक, याचं उत्तर त्यांच्याजवळच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. त्यातून पुस्तकं मराठी, साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, आणि बुरखा घातलेल्या इसमाची पोतंभर चित्रं सरहद्दीच्या मुलखात हिंडतात हे त्यांना बरं वाटेना. ते हौसाला म्हणाले, "बाई, ह्येच्यात काय लिवलंय ते कानडीत सांगा. मग बघू."

हौसाने चिंगीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि पहिला अंक उघडला. सुरुवातीला ती लाजत, चाचरत सांगत होती. दुसऱ्या अंकात पूल कोसळला तेव्हा तिचा आवाज चढला. पाचव्यात झंझावात विहिरीत कैद झाला, तेव्हा साहेबांनी तिच्यासाठी खुर्ची मागवली. ड्रायव्हर बॉनेटवर बसला. कंडक्टरने समोरून आलेली दुसरी गाडी हाताने थांबवली, आणि त्या गाडीतलेही उतरले.

"मुंदे?" साहेब दर वेळी विचारायचे. पुढे काय?

हौसा पुढे सांगायची. सांगता सांगता ती एकोणचाळिसाव्याच्या शेवटच्या चित्रापाशी आली. दोन्ही हात बुरख्याला. सरदार थरथरतोय.

"मुंदे?" आता साहेबांबरोबर दोन गाड्यांनी विचारलं.

"मुंदे इल्ला री," हौसा म्हणाली. "फुडचा अंक न्हाई मिळाला."

साहेबांचा चेहरा जेवणाच्या ताटावरून उठवलेल्या माणसासारखा झाला. मग हळूहळू त्या चेहऱ्यावर संशय दाटला. "तुमी लपवताय," ते म्हणाले. हौसाने चिंगीची शपथ घेतली. साहेबांनी पोत्यात स्वतः हात घालून बघितलं. शेवटी, वासाबद्दल वरून खुलासा येईपर्यंत माल ठेवून घ्यावा लागेल, असं त्यांनी जाहीर केलं. रवळूला पावती मिळाली. 'बुरखाधारी इसमाची चित्रे, पोते एक, वास तंबाखूचा.'

घरी आल्यावर नागुबाईने सगळं ऐकून घेतलं. "वास यीतो म्हणून अटक?" ती म्हणाली. "मग आमच्या यशोदाला तर जन्मठेप झाली असती."

यशोदाबाई तेवढ्यात तपकिरीची डबी चाचपत आत आल्या आणि न बोलावता सल्ला देत्या झाल्या, की साहेबांच्या बायकोला एक शहापुरी लुगडं नेऊन द्यावं. रवळू भडकला. आपण अर्ज करणार, तो म्हणाला. त्याने अर्जाचा मसुदा तीन रात्री घोटला. त्यात 'सविनय' इतक्या वेळा आलं होतं, की विषयाला जागाच उरली नव्हती. हौसा मात्र एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून नुसत्या वायरी खोचत बसायची. एवढी जवळ आलेली गोष्ट, आणि आता पहिले अंकही गेले. निपाणीचा आण्णाप्पा पलीकडून हळूच विचारायचा, "काय कळलं काय?" आणि दोघंही उसासून मुंबई जोडायची.

पुढच्या रविवारी अर्ज घेऊन रवळू निघाला, तशी चिंगीला कडेवर घेऊन हौसा निघाली, आणि "मी बघतो कोण सायब हाय त्यो," म्हणून नागुबाईही पदर खोचून निघाली.

नाक्यावर गेले तर वेगळंच चित्र. गाड्या येत होत्या, जात होत्या, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. मराठी येणारा शिपाई बाकावर बसून मोठमोठ्याने झंझावात वाचत होता आणि बाकीचे त्याच्याभोवती गोल करून बसले होते. त्यांची ही दुसरी खेप होती. त्या आठवड्यात निपाणीतून किती तंबाखू बिनबोभाट निघून गेला, देव जाणे. हौसाला पाहताच साहेब उठून उभे राहिले.

"आणलं?"

"काय?"

"शेवटचं!"

रवळूने अर्ज पुढे केला. साहेबांनी तो न वाचता शिपायाकडे दिला, शिपायाने त्यावर चहाची किटली ठेवली.

"बाई," साहेब अगदी कळवळून म्हणाले, "मला झोप लागत न्हाई. मिसेसला सांगितली गोष्ट, तिला पण लागत न्हाई. कुटं असंल तिथनं आणा. जीप घेऊन जावा."

अशा रीतीने कुठल्याही अर्जाशिवाय सरकारी जीप मिळाली. वखारीच्या दारात जीप थांबलेली बघून भरमूने आधी कबूल करून टाकलं, मग विचारलं काय झालं म्हणून.

"एक पुस्तक यल्लव्वानं नेलतं! मी न्हाई! पार म्हागं, दिवाणजी जित्ते असताना. वरचं वरचं उचललं तिनं टोपलीसाठी. इथंच तंबाखू निवडाया हुती ती."

"टोपलीसाठी?" हौसा म्हणाली. घमेलं, मेथ्या, लगदा, सगळं डोळ्यांपुढे आलं.

यल्लव्वा आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसलेली, चांगली सत्तरीची. तिच्याशेजारी भाकरीची टोपली, फडक्याने झाकलेली. हौसा वाकली. टोपलीच्या बाहेरच्या अंगाला, भोवताली, वरपासून बुडापर्यंत, झंझावात उडत होता. कुटलेला नव्हता! लगद्याचं अस्तर वाळल्यावर वरनं शोभेला म्हणून चित्रांचे कागद डकवायचे, तसे तिने पानंच्या पानं डकवली होती.

"आई, ही टोपली दीता?"

"आन् भाकरी कशात ठिवू? तुज्या डोईवर?"

हौसा विनवण्या करू लागली. नागुबाईने तिला बाजूला सारलं, टोपली हातात घेतली, बोटांनी वाजवली, नखाने खरवडली, नाकाशी नेली.

"मेथी किती घातलीस गं?"

"मूठभर. आन् थोडी चिंचुक्याची खळ."

"खळ! तरीच. म्हणून उंदीर लागला न्हाई."

"उंदराच्या बाची बिशाद हाय?"

दोघी एकमेकींकडे आदराने बघत राहिल्या. थोड्या वेळाने यल्लव्वा म्हणाली, की टोपली काय आपण सोडायची नाही, पण टोपलीसंगं यायला आपली ना न्हाई. जीपमध्ये बसून बघायची तिला कधीची हौस होती. ती भाकरीसकट टोपली मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली आणि साऱ्या गल्लीकडे बघत गेली.

नाक्यावर टेबल रिकामं झालं. मध्ये टोपली. भोवती साहेब, शिपाई, ड्रायव्हर, आणि तेवढ्यात आलेल्या गाडीतले मागच्या रविवारचे दोघेचौघे ओळखीचे चेहरे. त्यांतला तो खानापूरकडचा शेतकरी खास यासाठीच आला होता, असं तो म्हणाला. हौसा टोपली फिरवत वाचू लागली. पण यल्लव्वाने पानं काही क्रमाने लावली नव्हती. झंझावात आधी जखमी झाला, मग लढायला आला, मग घोड्यावरून पडायच्या आधीच चालत निघाला. वाचायला टोपली कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी पालथी करावी लागे. भाकरी साहेबांच्या फायलीवर काढून ठेवल्या होत्या.

शेवटी सापडलं ते चित्र. सरदार गुडघ्यावर. खाली अक्षरं, 'अरे! तू?' झंझावाताचे हात बुरखा वर उचलतायत. आणि बुरख्याखाली, जिथं तोंड असायला हवं तिथं, कॅलेंडरवरनं कापलेलं तांबडंलाल जास्वंदीचं फूल डकवलेलं.

"हे काय?" हौसा किंचाळली.

"झाकलं," यल्लव्वा म्हणाली.

"का?"

"झाकायचं हुतं म्हणून झाकलं."

यापलीकडे ती बोलेना. मग रवळू पुढे झाला. "व्हा बाजूला," तो म्हणाला, "कागदातलं मला कळतं." त्याने किटलीच्या वाफेवर टोपली धरली, फूल फुगू दिलं आणि ब्लेडचं टोक अलगद खाली घातलं. सगळ्यांनी श्वास रोखले. चिंगीसुद्धा बोट तोंडात घालून थांबली. फूल सुटलं. फुलाबरोबर त्याच्या खालचंही सगळं सुटलं. मूठभर मेथी आणि चिंचुक्याची खळ आपल्या कामाला पक्की निघाली. रवळूच्या बोटांत ओला तांबडा गोळा राहिला, अंगठ्यावर एक काळी भुवई राहिली, आणि टोपलीवर तोंडाच्या जागी नुसता करडा लगदा.

शिपायाने टोपी काढली.

हौसाने त्या भुवईकडे बघितलं. एवढी वर्षं, एवढी वाट, आणि हाताला लागली ती एक भुवई, तीही नवऱ्याच्या अंगठ्यावर. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने चिंगीच्या पोटात तोंड खुपसलं. चिंगी गुदगुल्यांनी खिदळली. रवळू हात तसाच पुढे धरून उभा होता, पुसायचीही त्याला भीती वाटत होती. "हौसा," तो एवढंच म्हणाला, "मी... वाफ जास्त झाली गं."

नागुबाई त्याच्याकडे बघून म्हणाली, "आता त्या भुवईचं काय करतोस? लाव आपल्याच कपाळाला." मग ती यल्लव्वाकडे वळली. "अगं, पण झाकायच्या आधी तू बघितलं असशील की!"

सगळी तोंडं यल्लव्वाकडे वळली. जगात एकच माणूस होतं, ज्याने झंझावाताला बुरख्याविना पाहिलं होतं, आणि ते आता टोपलीतली भाकरी मोजून परत घेत होतं.

साहेबांना एकदम कर्तव्याची आठवण झाली. ते टेबलामागे बसले. "आज्जी, खरं सांगायचं. परत बघितलं तर वळखशील?"

"न वळखायला काय झालं?"

मग ओळखपरेड झाली. पोतं आणवलं. सगळे अंक टेबलावर मांडले. इन्स्पेक्टर, राजपुत्र, डॉक्टर, सर्कशीतला पहिलवान, ज्याच्या ज्याच्यावर आजवर संशय होता तो प्रत्येक जण यल्लव्वासमोर हजर करण्यात आला. "हा?" "न्हवं." "हा?" "ह्यो? ह्याच्यात दम हाय का?" इन्स्पेक्टरवर साहेबांची फार आशा होती. यल्लव्वाने त्याला बोटाने बाजूला सरकवलं. ती आपल्याच हाताने पानं उलटत राहिली. आणि बाजाराच्या एका गर्दीच्या चित्रात, पार कोपऱ्यात, जिथं चित्रकाराने रिकामी जागा भरायला चार माणसं काढली होती, तिथं तिने बोट ठेवलं.

"ही."

सगळे वाकले. कोपऱ्यात शेंगांची पाटी घेऊन बसलेली एक बाई. तिला नाव नव्हतं. एका अक्षराचं बोलणं तिच्या तोंडी नव्हतं. ज्या हौसाला अंक तोंडपाठ होते, तिला ही बाई कधी पाहिल्याचं आठवेना.

"बाई?" साहेब म्हणाले.

"मग? सांगतोय काय मी?"

"आवो, हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय!" रवळू म्हणाला. त्याला आपल्या अंगठ्याचा आळ थोडा दुसऱ्यावर ढकलायचा होता.

"मोतीबिंदू आत्ता हाय रं," यल्लव्वा म्हणाली. "टोपली केली तवा न्हवता."

हौसाने अंक ओढले. दुसरा उघडला. पूल कोसळतोय, गर्दी पळतेय, कोपऱ्यात शेंगांची पाटी. बाई नाही. पान उलटलं. झंझावात आला. पाचवा उघडला. विहीर, पाटी, बाई नाही. "हितं बी!" शिपाई ओरडला, त्याच्या हातात तेरावा होता. "इल्ले, इल्ले!" इथंच, इथंच, म्हणून साहेब ओरडले, त्यांना वाचता येत नसलं तरी पाटी दिसत होती. ड्रायव्हरला एक सापडली, शेतकऱ्याला दोन. वारा सुटायच्या आधी बाई बसलेली, वारा सुटला की पाटी एकटी. टेबलाभोवती मोठी माणसं लहान पोरांसारखी एकमेकांच्या हातांतले अंक ओढत होती, आणि हौसा चिंगीला घेऊन मध्येच गिरकी घेत होती. हसता हसता तिचा अंबाडा सुटला.

"पण आई," धाप लागलेली हौसा यल्लव्वासमोर बसली, "झाकलासा का मग? बाई हुती म्हणून?"

यल्लव्वाने टोपलीवर फडकं घातलं. मघाशी बोलायची नव्हती, ते आता बोलली.

"तिनं एवढी वर्सं आपलं तोंड सगळ्यांपासनं लपवल्यालं. माझ्या घरी शंभर माणसं येत्यात, भाकरी मागत्यात. त्येंच्यापुढं मी का म्हणून तिला उघडी पाडू?"

साहेबांनी पोतं सोडलं. वासाचा खुलासा वरून आला नव्हता, पण त्यांनी स्वतःच नाक लावून बघितलं आणि वास गेल्याचं जाहीर केलं. तो गेला नव्हता. टोपली मात्र यल्लव्वाबरोबर जीपमधून परत गेली, भाकरीसकट, करड्या तोंडासकट. हौसाने मागितली नाही.

गाडीत खिडकीशी नागुबाई बसली, मांडीवर चिंगी. मधे हौसा. कडेला रवळू, अंगठा खिशात घालून. गाडी यमकनमर्डीच्या पुढे आली. नागुबाईने हौसाच्या पायाशी ठेवलेल्या पोत्याला कोपर लावलं.

"काढ त्यातलं पयलं."

"काय करता, आत्या? लगदा?"

"वाच म्हणतोय. मला अक्षर येत न्हाई, ठावं हाय न्हवं तुला?"

हौसाने पहिला अंक काढला, पान उघडलं आणि घसा साफ केला. "एकदा काय झालं, राजनगरीत—"

"थांब," नागुबाई म्हणाली. "राजनगरी ऱ्हाऊ दे. ती शेंगावाली कुठं बसलीया, त्ये आदी दाव."